आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी आणि तीन महिन्यांची पावडर: एका लॅब टेक्निशियनचा अनुभव

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं काम करते. रक्त, लघवी, थुंकी, स्टूल ही सगळी सॅम्पलं रोज हाताखालून जातात. त्यामुळे हा अनुभव जरा सविस्तर लिहिणार आहे. कंपनीचं नाव घेत नाही. याच प्रकारची तपासणी विकणारे आता बरेच झालेत, आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या कुणाकडूनही घेताना उपयोगी पडावं.

मला अर्धशिशी आहे. बावीस-तेविसाव्या वर्षापासून. डावा डोळा, मग कानशील, मग मळमळ, आणि उलटी झाली की उतार. माझी आई अजूनही याला "पित्त झालंय" म्हणते, आणि मी तिला कधी खोडून काढलं नाही, कारण झटका येतो तेव्हा पोट खरोखरच ठप्प होतं. जठराची हालचाल मंदावते, म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही. त्यात गेली पाच-सहा वर्षं पोटाचंही दुखणं जडलं. ताण आला की गुबारा धरतो, दोन दिवस शौचाला होत नाही आणि तिसऱ्या दिवशी तीनदा जावं लागतं. यंदा मुलाची बारावी होती. जानेवारीत ९ दिवस डोकं दुखलं, फेब्रुवारीत ११. हे आकडे माझ्या वहीतले आहेत.

अशा अवस्थेत मोबाईलवर जाहिरात आली: आतड्यातले जिवाणू तपासा, तणाव आणि मायग्रेनचं मूळ शोधा. तपासणी, जिवंत जिवाणूंची तीन महिन्यांची पावडर आणि आहारतज्ज्ञाचे दोन फोन मिळून साडेतेरा हजार. माझ्या पगाराच्या मानाने ही रक्कम थोडी नाही. तरी घेतलं, कारण आतडं आणि मेंदू यांचं नातं खरं आहे हे मी वाचत आले होते आणि आजही मला ते खरंच वाटतं.

आधी किटबद्दल. खोका चांगला, सूचना मराठीतही होत्या. आत एक कागदी झोळी, दोन लाकडी पट्ट्या, जिवाणूंचा डीएनए टिकवणारं द्रावण भरलेली नळी, बारकोड आणि कुरिअरची पिशवी. झोळी कमोडच्या सीटला चिकटवायची असते. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे, तिथे ती चिकटवणार कुठे? मी लॅबमधलं रुंद तोंडाचं भांडं आणलं. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी स्वच्छ कोरडा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात लघवी किंवा फिनेल जाऊ देऊ नये. द्रावणामुळे नळी फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाही, हे सोयीचं आहे. आणखी एक गोष्ट या सूचनांत हवी होती: स्टूल सगळीकडे सारखं नसतं. वरचा भाग आणि आतला भाग यांत जिवाणूंचं प्रमाण बदलतं. तीन-चार ठिकाणचं थोडं थोडं घेऊन एकजीव करून मग नळीत भरायला हवं. मी तसं भरलं.

आणि मी नळ्या दोन भरल्या.

लॅबमध्ये नवीन मशीन आलं की आम्ही एकच सॅम्पल दोनदा लावतो. दोन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला तर मशीनवर भरवसा ठेवायचा. तीच सवय इथे कामी आली. नणंदेला विचारलं, ती म्हणाली, "वहिनी, माझं नाव घाला, पण रिपोर्ट मला आधी दाखवा." दुसरी तपासणी तिच्या नावाने मागवली, नुसती, पावडरीशिवाय. एकाच भांड्यातलं, एकाच वेळी ढवळलेलं स्टूल दोन नळ्यांत गेलं. सोबतची प्रश्नावली मात्र प्रत्येकीची खरी भरली. माझ्या फॉर्मवर वय ४६, अर्धशिशी, झोप पाच तास, ताण खूप. तिच्या फॉर्मवर वय ३८, कसलाही आजार नाही, झोप सात तास, ताण बेताचा.

तीन आठवड्यांनी दोन्ही रिपोर्ट आले, प्रत्येकी ३४ पानांचे.

आतली जिवाणूंची यादी पाहून मला खरंच बरं वाटलं. प्रिव्होटेला एकात ४२ टक्के, दुसऱ्यात ४०. फीकॅलिबॅक्टेरियम ९ आणि ८. बायफिडोबॅक्टेरियम दोन्हींत ३ च्या आसपास. म्हणजे ज्या लॅबने डीएनए वाचला तिने काम प्रामाणिकपणे केलं होतं. या पद्धतीत जिवाणूंच्या एका ठरावीक जनुकाचा तुकडा, सोळा-एस म्हणतात तो, वाचून कुठल्या कुळाचे जिवाणू किती आहेत ते काढतात. कूळ बऱ्यापैकी कळतं, पण नेमकी जात खात्रीने कळतेच असं नाही आणि तिच्यातला वाण तर त्याहून नाही. या पातळीपुरतं बोलायचं तर मी त्यांना दहापैकी आठ देईन.

पण यादी सहाव्या पानापासून सुरू होते. पहिल्या पानावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखं एक मोठं चित्र आहे, "तणाव-सहनशक्ती निर्देशांक". माझा ३४, काटा लाल पट्ट्यात. नणंदेचा ७१, हिरव्यात. तेच स्टूल होतं.

मी कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर असं: "दोन व्यक्तींची जीवनशैली वेगळी असल्यामुळे जिवाणू वेगळे असतात." मग मी दोन्ही नळ्यांचे बारकोड देऊन सॅम्पल एकच होतं हे सांगितलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की निर्देशांक हा "जिवाणू आणि प्रश्नावली यांचं एकत्रित विश्लेषण" आहे. हे वाक्य ३४ पानांत कुठेही छापलेलं नाही. मला झोप लागत नाही आणि ताण आहे हे मीच त्यांना लिहून दिलं होतं, आणि पैसे भरून तेच त्यांनी मला लाल रंगात परत पाठवलं. ज्या माणसाला वर्षानुवर्षं "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं ऐकवलं गेलंय तो हा काटा पाहून रडेल, कारण त्याला अखेर पुरावा मिळाल्यासारखं वाटेल. मलाही पहिल्या रात्री तसंच वाटलं होतं. म्हणून मला हे गंभीर वाटतं.

दुसरी चूक माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जास्त सलते. माझं प्रिव्होटेला "धोकादायक जास्त" म्हणून लाल खुणेने दाखवलं होतं. आम्ही कुठल्याही रिपोर्टवर रेफरन्स रेंज छापतो ती आपल्यासारख्या निरोगी माणसांची असावी लागते. बाईचं हिमोग्लोबिन पुरुषाच्या रेंजशी ताडून चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, एनसीसीएसमध्ये, डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या गटाच्या २०१६ च्या शोधनिबंधात भारतीयांमध्ये प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा जास्त असल्याचं दाखवलंय. भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांचे जिवाणू पाहिले. त्यात शाकाहाराकडे झुकणाऱ्या भोपाळच्या लोकांत प्रिव्होटेलाच वरचढ निघाला. मी जन्मभर बाजरीची, ज्वारीची भाकरी, मटकी, कुळीथ खात आले. माझ्या आतड्यात प्रिव्होटेला नसता तर नवल. ते निरोगी भारतीयांत जितकं सर्रास आढळतं तितकं सर्रास लाल दाखवायचं म्हणजे भाकरी खाण्यालाच रोग ठरवण्यासारखं आहे. रेफरन्स रेंज कुठल्या लोकांवरून काढली ते रिपोर्टमध्ये दिलेलं नाही. घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा.

तिसरी गोष्ट "सेरोटोनिन निर्मिती क्षमता: कमी". सेरोटोनिन म्हणजे मूडशी जोडलं जाणारं एक रसायन. शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं हे खरं. काही जिवाणूंमुळे आतड्याच्या पेशी ते जास्त बनवतात, हे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विद्यापीठात २०१५ साली उंदरांत दिसलं, तेही खरं. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूला निरोप पाठवू शकतं, व्हेगस या लांबलचक नसेमार्फत, आणि नातं असेल तर ते त्या वाटेने आहे. रिपोर्टने मधला सगळा रस्ता गाळून सरळ "म्हणून तुम्ही उदास" असं लिहिलं.

आता पावडर.

साशे दिसायला साखरेसारखा, चव किंचित आंबट, कोमट पाण्यात चटकन विरघळतो. महिन्याला ३०. सोबतच्या माहितीपत्रकात उंदराचं चित्र आणि २०११ च्या प्रयोगाचा आलेख. तो प्रयोग मला माहीत होता, आणि तो सुंदर आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जेबी-१ हा वाण दिला. उंदीर कमी भेदरट झाले, ताणाखाली स्रवणारं कॉर्टिकोस्टेरॉन कमी वाढलं, मेंदूत गाबा या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या जागा बदलल्या. मग त्यांनी काही उंदरांची व्हेगस नस कापली, आणि परिणाम नाहीसा झाला. निरोप कुठल्या वाटेने जातो ते दाखवण्याची याहून स्वच्छ रीत मला सुचत नाही. त्याआधी २००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुदो यांच्या गटाने पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांना थोडा वेळ जखडून ठेवलं, तर त्यांच्या ताणाच्या संप्रेरकांची उसळी साध्या उंदरांपेक्षा मोठी आली. लहान वयात जिवाणू दिले तर ती ताळ्यावर आली, मोठेपणी दिले तर नाही. या विषयावर जो कोणी बोलतो तो शेवटी याच दोन प्रयोगांवर उभा असतो, आणि ते प्रयोग मोलाचे आहेत.

माहितीपत्रकात नव्हतं ते हे: कॉर्कमध्येच तोच जेबी-१ वाण पुढे माणसांवर तपासला गेला. २०१७ मध्ये निकाल छापून आला. २९ निरोगी पुरुष, ८ आठवड्यांचा अभ्यास. ताण, चिंता, संप्रेरकं, कशातही प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा, फरक पडला नाही. त्यांनी तो निकाल लपवला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अर्धशिशीचंही तसंच आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये ६३ रुग्णांना १२ आठवडे जिवाणूंचं मिश्रण किंवा प्लासिबो दिलं, फरक निघाला नाही. २०१९ मध्ये इराणमध्ये १४ वाणांचं वेगळं मिश्रण दिलं, तिथे झटके कमी झाले. एक हो, एक नाही, आणि मिश्रणं वेगवेगळी. वाण बदलला की औषधच बदललं असं धरावं लागतं.

आणि माझ्या साशेवर वाणाचा क्रमांकच नव्हता. नुसतं "लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस" आणि आणखी पाच नावं. आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची प्रोबायोटिकबद्दलची, म्हणजे अशा जिवंत जिवाणूंच्या उत्पादनांबद्दलची, २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कूळ, जात आणि वाण लेबलवर असावा, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवाणू जिवंत राहतील ते लिहावं, असं त्यात म्हटलंय. माझ्या साशेवर "पॅकिंगच्या वेळी १० अब्ज" होतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये कुरिअरच्या गाडीत चार दिवस काढल्यावर त्यातले किती उरले असतील?

आता फोनबद्दल. पहिला फोन ज्या मुलीचा आला ती पंचविशीची असेल. ती ४० मिनिटं बोलली, खरं तर ४० मिनिटं ऐकलं. मला म्हणाली, "ताई, सकाळपासूनचं सांगा. किती वाजता काय खाता?" मी सांगितलं: सहाला चहा, सातला लॅब उघडते, उपाशीपोटीची सॅम्पलं साडेदहापर्यंत चालतात, मग साडेअकराला डबा. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पेशंट उपाशी येतात ते घरी जाऊन खातात, आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त वेळ उपाशी राहता." एकोणीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. जेवणाची वेळ चुकली की अर्धशिशी उठते, हे मी स्वतः पेशंटना सांगत आलेय. तिने साडेसहाला एक भाकरी आणि वाटीभर ताजं दही खायला सांगितलं, डाळी-उसळी हळूहळू वाढवायला सांगितलं, दुपारचा चहा बंद न करता निम्मा करायला सांगितलं. २५ मार्चपासून ते चालू आहे. घेतलेल्या पैशांपैकी त्या ४० मिनिटांचे पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणते.

दुसरा फोन दुसऱ्याच माणसाचा होता. मी प्रॉप्रॅनोलॉल घेते, रोज ४० मिलिग्रॅम, झटके रोखण्यासाठी, न्यूरोलॉजिस्टने दिलेली. तो म्हणाला, "मॅडम, आता आतडं सुधारतंय, ही गोळी बंद करून बघा, गोळ्यांनीच जिवाणू मरतात." मी विचारलं, एकदम बंद करू? म्हणाला, हो. प्रॉप्रॅनोलॉल एकदम सोडली की छातीत धडधडतं, बीपी उसळतं, आणि ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं. मला हे माहीत होतं म्हणून मी गोळी सोडली नाही. त्या दिवशी याच माणसाने आणखी किती जणांना हेच सांगितलं असेल, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. त्या फोनला मी शून्य देते, आणि सगळ्या सेवेचं मूल्यमापन करताना तो शून्य मला बाजूला ठेवता येत नाही.

माझ्या न्यूरोलॉजिस्टना सगळे कागद दाखवले. त्यांनी टिंगल केली नाही. म्हणाले, "गोळी चालू ठेवा. पावडर घ्यायची तर घ्या. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं वाटलं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही." तोवर उशीर झाला होता. मार्चमध्ये पावडर सुरू झाली, मुलाची परीक्षा संपली आणि न्याहारीही सुरू झाली. मार्चमध्ये ९ दिवस दुखलं, एप्रिलमध्ये ६, मेमध्ये ६. हे आकडे नुसते पाहिले तर पावडरीची जाहिरात होईल.

म्हणून जूनमध्ये मी फक्त पावडर थांबवली, बाकी सगळं तसंच ठेवलं. जूनमध्ये डोकं ५ दिवस दुखलं, जुलैमध्ये ६. म्हणजे डोक्यावर पावडरीचा हात नव्हता, निदान माझ्या. पोटाचं वेगळं निघालं. पावडरीचे पहिले दहा दिवस गॅस जास्त झाला, नंतर गुबारा खरोखर कमी झाला, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो थोडा परतला. त्यामुळे पोटासाठी ती पावडर अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही. एका बाईची वही आहे ही, तिच्यावरून कुणी दुसऱ्याने औषध ठरवू नये. पण वही मात्र प्रत्येकाने ठेवावी. तारीख, किती वाजता दुखलं, आधी काय आणि कधी खाल्लं, किती झोप, पाळीचे दिवस, घेतलेली गोळी, एवढंच लिहायचं. दोन रुपयांचा खर्च नाही आणि ३४ पानी रिपोर्टपेक्षा माझ्या डॉक्टरांना तीच जास्त कामाची वाटली.

खाण्याबद्दल कॉर्कमध्येच २०२२ साली झालेला एक छोटा अभ्यास मला आशा देतो. ४५ माणसं, ४ आठवडे. एका गटाला कांदा, कोबी, फळं, धान्य, डाळी आणि आंबवलेले पदार्थ भरपूर खायला दिले. त्यांना वाटणारा ताण कमी झाला, आणि ज्यांनी नेटाने पाळलं त्यांचा जास्त. माणसं थोडी आहेत, काळ थोडा आहे, आणि आपण काय खातोय ते खाणाऱ्याला कळतंच. तरी त्यातला एकही पदार्थ आपल्या घरात विकत आणून नवा शिकावा लागत नाही. यंदा श्रावणी सोमवार मी धरला नाही. सासूबाईंनी कारण विचारलं, मी वही दाखवली. दुसऱ्या सोमवारी सकाळी त्यांनीच माझ्यासाठी भाकरी थापली.

कुणी घेणारच असेल तर नुसती तपासणी घ्यावी, कुतूहलापोटी, आणि पहिली पाच पानं न वाचता सहावं उघडावं. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, किंवा आयुष्यात कधी नव्हती अशी अचानक भयंकर डोकेदुखी, यातलं काही असेल तर किटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नणंदेच्या नावाच्या तपासणीचे पैसे कंपनीने परत केले, न मागता. प्रॉप्रॅनोलॉलच्या फोनबद्दल मी ४ जूनला मेल केला, १९ ला पुन्हा, जुलैत तिसऱ्यांदा. अजून उत्तर नाही. आलं की इथेच खाली लिहीन.